तारलीच्या तेलातील मेदाम्ले आणि रक्तवाहिनीच्या पेशींची वाढ : प्रकल्प नोंदी

७ ऑक्टोबर २०२४

प्रकल्पाचा प्रश्न आज मार्गदर्शक मॅडमसोबत बसून निश्चित केला. गोव्याच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या तारलीच्या तेलात इकोसापेंटाइनॉइक आम्ल आणि डोकोसाहेक्झाइनॉइक आम्ल, म्हणजे ईपीए आणि डीएचए, ही दोन ओमेगा-३ मेदाम्ले भरपूर असतात. रक्तवाहिनीच्या भिंतीतील पेशींची वाढ ही मेदाम्ले रोखतात का, आणि रोखत असतील तर कोणत्या पेशींची व कशा रीतीने, हे आम्हाला पाहायचे आहे.

रोहिणीच्या आतल्या बाजूला अंतःस्तर पेशींचा एकेरी थर असतो आणि त्याखालच्या मधल्या थरात गुळगुळीत स्नायुपेशी असतात. निरोगी वाहिनीत या स्नायुपेशी आकुंचन-प्रसरणाचे काम करतात आणि क्वचितच विभागतात. आतला थर दुखावला गेला की त्या आपले रूप बदलतात, आकुंचनाचे काम सोडून विभागू लागतात, आतल्या बाजूला सरकतात आणि तिथे जाड थर तयार करतात. हे घडवून आणणाऱ्या घटकांपैकी एक प्लेटलेटमधून येतो, असे रसेल रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवले. पुढे त्याला पीडीजीएफ हे नाव मिळाले आणि आमच्या प्रयोगांतही पेशींना वाढीची चालना देण्यासाठी तोच वापरायचा आहे.

मॅडमनी पहिल्याच दिवशी एक अट घातली आणि ती मला मनापासून पटली. "वाढ कमी झाली" हे वाक्य वहीत एकटे लिहायचे नाही. पेशी थांबली, मेली की आजारी पडली, हे त्याच ओळीत लिहिता आले पाहिजे. येत नसेल तर निष्कर्षाचा रकाना रिकामा ठेवायचा. या विषयावरील जुन्या-नव्या लेखनात सर्वाधिक गोंधळ याच ठिकाणी झालेला आहे, असे माझेही मत आहे.

१० ऑक्टोबर २०२४

पहाटे पणजीजवळच्या मालीमच्या मासेमारी धक्क्यावर जाऊन तारली घेतली. १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक मासेमारीवरील बंदी उठल्यानंतर, पावसाळा ओसरता ओसरता मिळणारी तारली अंगाने भरलेली आणि चरबीदार असते; उन्हाळ्यात, विणीच्या हंगामाआधी, तीच सुकलेली असते. मासळी विकणाऱ्या बायांना हे कोणत्याही तक्त्याशिवाय ठाऊक असते. एकीने माझ्या हातातला मासा परत घेऊन पोटाकडे जाड असलेला दुसरा दिला आणि "तेल हवं ना, मग हा घ्या," असे सांगितले. गोव्यात ही मासळी जास्त आली की माडांच्या मुळाशी खत म्हणून घालत आणि तिचे तेल लाकडी होड्यांना लावत. तेलाचे प्रमाण किती असते याचा तो जुना आणि भक्कम पुरावा आहे.

आमच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा असा की, "तारलीचे तेल" ही एकच ठरावीक वस्तू नाही. महिना, माशाचे वय, त्याने खाल्लेले प्लवक आणि बर्फात गेलेला वेळ यांनुसार त्यातील मेदाम्लांचे प्रमाण बदलते. म्हणून प्रत्येक खेपेच्या तेलाचे गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे मेदाम्ले वेगळी करून मोजण्याच्या पद्धतीने, स्वतंत्र विश्लेषण करायचे आणि पेशींना द्यायची मात्रा तेलाच्या वजनावर न ठरवता त्यातल्या ईपीए व डीएचएच्या प्रमाणावर ठरवायची.

११ ऑक्टोबर २०२४

ब्लाय आणि डायर यांच्या १९५९ च्या पद्धतीने, क्लोरोफॉर्म व मिथेनॉल वापरून, तेल काढले. मासे शिजवून वर आलेले तेल काढण्याची पद्धत मुद्दाम टाळली, कारण उष्णता हाच या मेदाम्लांचा मोठा शत्रू आहे.

१५ ऑक्टोबर २०२४

तेल खराब होण्याविषयी आजची नोंद सविस्तर करणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे निष्कर्ष यावर अवलंबून राहणार आहेत.

ईपीएच्या वीस कार्बनच्या साखळीत पाच दुहेरी बंध असतात आणि डीएचएच्या बावीस कार्बनच्या साखळीत सहा. दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज निघतो आणि तिथे ऑक्सिजन जोडला जातो. प्रथम पेरॉक्साइड तयार होतात आणि नंतर ते तुटून अल्डिहाइड निर्माण होतात. माशाच्या तेलाचा जो कुबट वास येतो तो याच विघटनाचा असतो. ही अल्डिहाइड पेशींना विषारी असतात. याचा सरळ अर्थ असा की, खराब झालेले तेल पेशींवर घातले तरी पेशींची संख्या कमीच भरेल, आणि बेसावध संशोधक त्याला ओमेगा-३ चा गुण म्हणून मोकळा होईल.

त्यावर सोपा उपाय म्हणून तेलात ई जीवनसत्त्व घालावे, अशी सूचना एका सहकाऱ्याने केली. परंतु अल्फा-टोकोफेरॉल स्वतःच गुळगुळीत स्नायुपेशींची वाढ मंदावते आणि त्यासाठी प्रोटीन कायनेज सी या एन्झाइमला आवर घालते, हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून माहीत आहे. संरक्षक म्हणून घातलेली वस्तूच निकाल बदलणार असेल, तर ती पेशी वाढवायच्या तबकडीतील केवळ मेदाम्लाच्या खणांत घालून चालणार नाही. अखेर असे ठरले की, तेल व शुद्ध मेदाम्ले नायट्रोजनखाली, लहान काळ्या कुप्यांत, उणे ८० अंशांवर ठेवायची. एकदा उघडलेली कुपी पुन्हा साठवायची नाही. आणि प्रत्येक प्रयोगाच्या दिवशी पेरॉक्साइड मूल्य तपासायचे. गोव्याच्या दमट हवेत कुपी बाहेर काढल्यावर तिच्यावर लगेच पाणी साचते, म्हणून ती बंद अवस्थेतच खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, हेही नियमांत घातले.

२१ ऑक्टोबर २०२४

तेल जसेच्या तसे पेशींवर ओतता येत नाही. तेलातील मेदाम्ले ग्लिसरॉलला जोडलेली असतात आणि तेल पाण्यात मिसळत नाही. शरीरात मुक्त मेदाम्ले रक्तातील अल्बुमिन या प्रथिनाला चिकटून प्रवास करतात, त्यामुळे आम्हीही तेलाचे साबणीकरण करून मेदाम्ले सुटी केली आणि मेदविरहित अल्बुमिनला बांधली. अल्बुमिनच्या एका रेणूमागे मेदाम्लाचे किती रेणू, या गुणोत्तराकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. पण ते वाढले तर अल्बुमिनला न चिकटलेले मेदाम्ल माध्यमात, म्हणजे पेशी वाढवण्याच्या द्रवात, जास्त राहते आणि साबणासारखे वागून पेशीचे पटल फाडते. हे गुणोत्तर सर्व प्रयोगांत एकच राहील.

तुलनेसाठी नुसते अल्बुमिन, ओलेइक आम्ल आणि ॲराकिडोनिक आम्ल अशी तीन नियंत्रणे ठेवली आहेत. ओलेइक आम्लात एकच दुहेरी बंध असतो, म्हणून "कोणतेही मेदाम्ल घातले तरी असेच होते" ही शंका त्याने तपासता येते. ॲराकिडोनिक आम्ल वीस कार्बनचे आणि चार दुहेरी बंधांचे ओमेगा-६ मेदाम्ल आहे; ते ऑक्सिजनला जवळजवळ ईपीएइतकेच बळी पडते. परिणाम केवळ खराबीचा असेल तर तो ईपीएप्रमाणे ॲराकिडोनिक आम्लातही दिसायला हवा. माझ्या मते संपूर्ण मांडणीत सर्वांत मोलाचे नियंत्रण हेच आहे.

४ नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतर कामाला पुन्हा सुरुवात झाली. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून ए७आर५ या स्नायुपेशी आणल्या आहेत. त्या उंदराच्या भ्रूणाच्या महारोहिणीपासून तयार केलेल्या आहेत, त्यामुळे त्यांचे वर्तन प्रौढ माणसाच्या रोहिणीशी तंतोतंत जुळेल असे गृहीत धरता येत नाही. अंतःस्तर पेशी मात्र मानवी नाळेच्या शिरेतून घ्यायच्या आहेत. ती पद्धत १९७३ मध्ये जाफे आणि सहकाऱ्यांनी रूढ केली. नाळेसाठी मातांची लेखी संमती आणि नैतिकता समितीची मान्यता यांची कागदपत्रे पूर्ण झाली.

१८ नोव्हेंबर २०२४

पेशी वाढत असताना वाचन पूर्ण केले. या विषयाचा उगम बहुतेक ठिकाणी ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांपासून सांगितला जातो. डॅनिश संशोधक बांग आणि डायरबर्ग यांनी १९७० च्या दशकात त्यांच्या रक्तातील मेदाचा अभ्यास केला आणि समुद्री आहारातील ईपीएचा संबंध रक्ताच्या गुठळ्या कमी होण्याशी जोडला. पुढे लक्ष प्लेटलेटवरून वाहिनीच्या भिंतीकडे वळले. १९८८ मध्ये फॉक्स आणि डिकोर्लेटो यांनी दाखवले की, माशाच्या तेलामुळे अंतःस्तर पेशी पीडीजीएफसारखे प्रथिन कमी प्रमाणात तयार करतात. म्हणजे स्नायुपेशींना वाढण्याचा निरोप देणारा शेजारीच गप्प होतो. १९९६ मध्ये जपानच्या तेरानो आणि सहकाऱ्यांनी ईपीए स्नायुपेशींच्या वाढीच्या संदेशमार्गात एकाहून अधिक टप्प्यांवर आडवे येते असे मांडले.

पाकाला आणि बेनेडिक्ट यांचे १९९९-२००० मधील काम आमच्या मांडणीला सर्वांत जवळचे आहे. त्यांनी पेशींना आधी ईपीए व डीएचए पाजले आणि मग सेरोटोनिनची चालना दिली. सेरोटोनिन हेही प्लेटलेट सोडतात आणि एरवी त्याने पेशी वाढू लागतात. परंतु मेदाम्लांनी भरलेल्या पेशींनी त्याला प्रतिसाद दिला नाही. ही बाब स्नायुपेशींत दिसली तशी अंतःस्तर पेशींतही दिसली. या दुसऱ्या निरीक्षणाकडे माझे लक्ष अडकून राहिले आहे, आणि त्याविषयी पुढे लिहावे लागेल.

यंत्रणेविषयी जे समजले ते असे. माध्यमातील मेदाम्ल पेशी उचलते आणि पटल ज्या मेदाचे बनते त्या फॉस्फोलिपिडमध्ये, बहुधा ग्लिसरॉलच्या मधल्या जागी, ॲराकिडोनिक आम्लाला हटवून बसवते. चालना मिळाली की फॉस्फोलिपेज ए२ हे एन्झाइम त्या जागेवरचे मेदाम्ल सोडवते. ॲराकिडोनिक आम्ल सुटले तर थ्रॉम्बॉक्सेन ए२ बनते, जे प्लेटलेटना एकत्र आणते, वाहिनी आवळते आणि स्नायुपेशींच्या वाढीलाही हातभार लावते. ईपीएपासून बनणारे थ्रॉम्बॉक्सेन ए३ त्या मानाने फारच दुबळे असते; प्लेटलेटना आवरणारे प्रोस्टासायक्लिन मात्र दोन्हीकडून मिळते, कारण ईपीएपासून बनणारे पीजीआय३ हे पीजीआय२ इतकेच कार्यक्षम असते. याखेरीज पटलाची रचना बदलल्याने त्यातील ग्राहींचे, म्हणजे बाहेरचे निरोप पकडणाऱ्या प्रथिनांचे, वर्तन बदलते आणि विभाजनाच्या तयारीचा टप्पा ओलांडण्याआधीच पेशी थबकते. हे बदल व्हायला वेळ लागतो, म्हणून मेदाम्ल आणि चालना एकाच वेळी देण्यात अर्थ नाही. आधी माध्यमातील सीरम (वाढीचे घटक असलेला रक्तद्रव) कमी करून पेशींना विश्रांत अवस्थेत आणायचे, मग मेदाम्लांत ४८ तास ठेवायचे, धुवायचे आणि त्यानंतरच पीडीजीएफ द्यायचे.

२ डिसेंबर २०२४

स्नायुपेशींची पहिली मोजणी झाली. १०, ३०, ६० आणि १०० मायक्रोमोलर (द्रावणातील प्रमाणाचे एकक) अशा चार मात्रा होत्या. एमटीटी चाचणीत ईपीएच्या खणांतील जांभळा रंग मात्रेनुसार फिका होत गेला, डीएचएच्या खणांत त्याहून थोडा अधिक. ओलेइक आम्लाच्या खणांत फरक पडला नाही. कागदावर हा निकाल अतिशय देखणा दिसतो.

सूक्ष्मदर्शकाखाली चित्र वेगळे आहे. ३० मायक्रोमोलरपर्यंत पेशी तळाला पसरून चिकटलेल्या आहेत, फक्त विरळ आहेत. १०० मायक्रोमोलरला कित्येक पेशी गोल होऊन माध्यमात तरंगत आहेत. दोन्ही ठिकाणी रंग फिका, पण कारणे दोन. एमटीटी चाचणी पेशी मोजत नाही, तर पेशीतील एन्झाइमांनी रंगद्रव्य किती बदलले ते मोजते. पेशी कमी असल्या तरी रंग फिका पडतो, आणि पेशी तेवढ्याच असून सुस्तावल्या असल्या तरीही तो फिकाच पडतो. आजच्या निष्कर्षाचा रकाना रिकामा ठेवला.

९ डिसेंबर २०२४

तोच प्रयोग पुन्हा लावून ट्रिपॅन ब्ल्यू रंगाने जिवंत व मृत पेशी वेगळ्या मोजल्या, पेशीचे पटल फाटले की माध्यमात गळणारे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम तपासले, आणि नवीन डीएनएमध्ये सामावणाऱ्या बीआरडीयूने प्रत्यक्ष विभाजनाची तयारी करणाऱ्या पेशी पाहिल्या. कमी मात्रेत बीआरडीयू घटले आणि गळती वाढली नाही. म्हणजे पेशी थांबलेल्या आहेत. सर्वांत वरच्या मात्रेत गळती स्पष्टपणे वाढली, आणि ॲराकिडोनिक आम्लाच्या खणांतही ती वाढली. वरच्या मात्रेतील परिणामात खराबीचा आणि विषारीपणाचा मोठा वाटा आहे, एवढे आता म्हणता येते. १०० मायक्रोमोलरची मात्रा यापुढे केवळ विषारीपणाची खूण म्हणून ठेवायची.

१९ डिसेंबर २०२४

मुक्तिदिनाची सुट्टी असल्याने केवळ माध्यम बदलून नोंद केली. ३० मायक्रोमोलर ईपीएने थांबलेल्या पेशी धुऊन साध्या माध्यमात ठेवल्या होत्या. त्या पुन्हा विभागू लागल्या आहेत, मात्र लगेच नाही. पटलात बसलेले मेदाम्ल हळूहळू बदलले जात असावे, हा माझा कयास आहे. तो तपासण्यासाठी त्याच पेशींच्या फॉस्फोलिपिडचे क्रोमॅटोग्राफीने विश्लेषण करण्याकरिता नमुने गोठवून ठेवले. मेलेली पेशी परत फिरत नाही, त्यामुळे या परतीला मी आतापर्यंतचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा मानतो.

६ जानेवारी २०२५

अंतःस्तर पेशींचे प्रयोग सुरू करण्यापूर्वी मॅडमशी दीर्घ चर्चा झाली आणि ती येथे नोंदवतो.

स्नायुपेशींची वाढ थांबणे रुग्णाच्या हिताचे असू शकते. अंतःस्तर पेशींची वाढ थांबणे नेहमीच हिताचे नाही. याचा धडा स्टेंटच्या, म्हणजे रोहिणी उघडी ठेवण्यासाठी आत बसवायच्या जाळीदार नळीच्या, इतिहासात स्वच्छ दिसतो. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी सप्टेंबर १९७७ मध्ये झुरिकला फुग्याने हृदयाची रोहिणी पहिल्यांदा रुंद केली. पुढे असे दिसले की, फुगवलेली जागा कित्येक रुग्णांत काही महिन्यांत पुन्हा अरुंद होते आणि त्यामागे स्नायुपेशींची वाढ हे एक कारण असते. त्यावर उपाय म्हणून पेशींचे विभाजन रोखणारे सिरोलिमस लावलेले स्टेंट आले. अमेरिकेत त्यांना २००३ मध्ये मान्यता मिळाली. पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण खूप घटले. परंतु औषधाला स्नायुपेशी आणि अंतःस्तर पेशी यांतला भेद कळत नाही. स्टेंटच्या तारांवर अंतःस्तराचे अस्तर उशिरा चढले, धातू रक्ताला उघडा राहिला आणि काही रुग्णांत दीर्घ काळाने गुठळी झाली. २००६ च्या सुमारास या धोक्याची मोठी चर्चा झाली.

म्हणून पाकाला आणि बेनेडिक्ट यांचे अंतःस्तर पेशींविषयीचे निरीक्षण मला अस्वस्थ करते. १९९८ मध्ये यांग, मोरिता आणि मुरोता यांनीही ईपीएमुळे अंतःस्तर पेशींची व्हीईजीएफला (नव्या वाहिन्या फुटायला चालना देणाऱ्या घटकाला) मिळणारी प्रतिक्रिया मंदावते, कारण त्याचा एक ग्राही कमी बनतो, असे दाखवले होते. जिथे नको तिथे नव्या वाहिन्या फुटतात तिथे हेच वरदान ठरते : २००७ मध्ये उंदरांच्या दृष्टिपटलावर ओमेगा-३ आहारामुळे विकृत वाहिन्यांची वाढ कमी झाल्याचे प्रसिद्ध झाले. एकच गुण एका जागी औषध आणि दुसऱ्या जागी अडथळा ठरू शकतो. त्यामुळे आमच्या अहवालात "रक्तवाहिनीच्या पेशी" असा मोघम शब्दप्रयोग कुठेही येणार नाही. प्रत्येक वाक्यात पेशीचा प्रकार लिहिला जाईल.

१३ जानेवारी २०२५

अंतःस्तर पेशींच्या सलग थरावर पिपेटच्या टोकाने ओरखडा काढून तो किती वेळात भरून येतो, हे पाहिले. ३० मायक्रोमोलर ईपीए दिलेल्या थरात ओरखडा भरला, नियंत्रणापेक्षा किंचित सावकाश. मात्र ओरखडा भरण्यात पेशींचे सरकणे आणि विभागणे हे दोन्ही असते, त्यामुळे पुढील खेपेस विभाजन रोखणारे मायटोमायसिन सी वापरून केवळ सरकणे वेगळे मोजायचे आहे.

२० जानेवारी २०२५

माणसांवरील चाचण्यांचा भाग अहवालासाठी लिहून काढला. १९८८ मध्ये डेहमर आणि सहकाऱ्यांनी ८२ रुग्णांच्या अभ्यासात माशाच्या तेलाने फुगवलेली रोहिणी लवकर अरुंद होण्याचे प्रमाण घटल्याचे कळवले. १९९४ मध्ये लीफ आणि सहकाऱ्यांनी ५५१ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली, तीत काहीही लाभ आढळला नाही. बशीतील स्नायुपेशी थांबतात आणि रुग्णाची रोहिणी तरीही अरुंद होते, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. रोहिणी अरुंद होण्यात पेशींच्या वाढीखेरीज भिंतीचे आक्रसणेही असते. शिवाय रक्तात ईपीए मुख्यतः फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल एस्टर व ट्रायग्लिसराइड यांना जोडलेले असते, आणि मुक्त ईपीए आमच्या वरच्या मात्रांच्या जवळपासही नसते.

हृदयविकाराच्या मोठ्या चाचण्यांतही एकवाक्यता नाही. जपानच्या जेलिस चाचणीत, जी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध घेणाऱ्या १८,६४५ जणांपैकी रोज १.८ ग्रॅम ईपीए घेणाऱ्या गटात हृदयाच्या मोठ्या घटना १९ टक्क्यांनी कमी होत्या. रिड्यूस-इट चाचणीत ४ ग्रॅम शुद्ध ईपीएने २५ टक्के घट दिसली, परंतु तुलनेच्या गटाला खनिज तेल दिले होते आणि त्या तेलानेच त्या गटाचे नुकसान झाले का, हा वाद अजून मिटलेला नाही. ईपीए आणि डीएचए दोन्ही असलेल्या ४ ग्रॅमच्या स्ट्रेंग्थ चाचणीत, जिथे मक्याचे तेल तुलनेला होते, लाभ दिसला नाही आणि ती २०२० मध्ये थांबवली गेली. मोठ्या मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रमाण थोडे वाढते, हे रिड्यूस-इट व स्ट्रेंग्थ या दोन्ही चाचण्यांत दिसले. बाजारातील साध्या एक ग्रॅमच्या गोळीत साधारण १८० मिलिग्रॅम ईपीए व १२० मिलिग्रॅम डीएचए असते, त्यामुळे या चाचण्यांची मात्रा आणि घरात घेतली जाणारी गोळी यांची सरमिसळ करू नये.

घरी आणि शेजारी मला वारंवार विचारतात की, तारली खाल्ल्याने नसा साफ राहतात का. आमच्या प्रयोगांतून याचे उत्तर निघत नाही आणि निघते असे मी कोणाला भासवणार नाही.

२७ जानेवारी २०२५

गोठवलेल्या नमुन्यांचे विश्लेषण आले. ईपीए दिलेल्या स्नायुपेशींच्या फॉस्फोलिपिडमध्ये ईपीए वाढले आहे आणि ॲराकिडोनिक आम्ल घटले आहे. त्याबरोबर बावीस कार्बनचे डोकोसापेंटाइनॉइक आम्लही वाढले आहे, म्हणजे पेशीने ईपीएची साखळी लांबवली. धुतल्यानंतर हे प्रमाण सावकाश उतरते आणि विभाजन परत सुरू होण्याचा काळ त्या उतरणीच्या मागोमाग येतो. १९ डिसेंबरच्या कयासाला त्यामुळे आधार मिळाला आहे, जरी एकामागून एक घडणे म्हणजे एकामुळे दुसरे घडणे नव्हे.

पुढील टप्प्यात सच्छिद्र पडद्याच्या एका बाजूला अंतःस्तर पेशी व दुसऱ्या बाजूला स्नायुपेशी अशा एकत्र वाढवायच्या आहेत. मेदाम्ल केवळ अंतःस्तराच्या बाजूने द्यायचे, जसे ते रक्तातून येते, आणि मात्रा ३० मायक्रोमोलरच्या वर न्यायची नाही. तारलीच्या तेलातून सोडवलेली मेदाम्ले आणि शुद्ध ईपीए यांची तुलना याच मांडणीत होईल. त्यासाठी तेल मे महिन्यातील सुकलेल्या तारलीचेही लागणार असल्यामुळे मासेमारीबंदी सुरू होण्यापूर्वीच मालीमहून नमुने घेण्याचे ठरले आहे.